न मारलेला ठोसा

बेळगावच्या माणसाला लष्कराचे फारसे अप्रूप नसते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर तेथे स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीपासून आहे. बिगुलाचा आवाज आणि बुटांचा ताल शहराच्या कानांना इतका परिचित की तो बंद झाला तरच कुणी विचारील. तरीही कापडाच्या व्यापारात असलेल्या एका जैन घरातील अकरा वर्षांच्या मुलाने कॅम्पात जाऊन मुष्टियुद्ध पाहावे, आणि पाहून त्याचा कायमचा चाहता व्हावे, ही गोष्ट १९७१ च्या जानेवारीत निराळीच होती. त्या घरात पाणी गाळून भरले जाई, दिवा लावण्यापूर्वी जेवणे आटोपत, आणि मुंगी दिसली तर तिला वाट करून देण्यासाठी पाय उचलून धरला जाई.

निमित्त झाले ते दुकानातील एका गिऱ्हाइकाचे. सेंटरमधील एक हवालदार महिन्याकाठी एकदा तरी दुकानात येत. मूळचे सातारा जिल्ह्यातील. अंगाने किरकोळ, बोलणे बेताचे, नाकाचे हाड बसलेले आणि डाव्या भुवईवर जुन्या टाक्यांची खूण. मुलगा त्या नाकाकडे टक लावून पाहत असे. एकदा हवालदारांनीच विषय काढला.

"काय बघतोस? नाक? तीनदा मोडलंय. चौथ्यांदा मोडायला आता हाडच उरलं नाही."

वडील हसले, पण मुलाला हसू आले नाही. एवढे मार खाऊन माणूस इतका शांत कसा राहतो, हा प्रश्न त्याच्या मनात त्या दिवशी शिरला. त्याच सुमारास हवासिंगचे नाव कॅम्पात सर्वांच्या तोंडी होते. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्याने हेवीवेट गटाचे सुवर्णपदक मिळवले होते आणि १९७० च्या डिसेंबरात, पुन्हा बँकॉकमध्येच, त्याने ते राखले. तो लष्करातला माणूस. त्यामुळे हवालदार त्याच्याविषयी घरच्या मुलाविषयी बोलावे तसे बोलत. पुढच्या शनिवारी जवानांचे आपसातील सामने आहेत, मुलाला पाहायचे असतील तर नेतो, असे ते म्हणाले. गिऱ्हाइकाचे मन मोडू नये म्हणून असेल, किंवा त्यांनाही थोडे कुतूहल असेल, वडिलांनी होकार दिला. आजीला मात्र कुणी विचारले नाही.

सामने संध्याकाळी होते. जानेवारीत सूर्य सहानंतर फार वेळ थांबत नाही. पाहून लगेच परत यायचे, असे ठरवून मुलगा पाचला निघाला आणि साडेआठला परतला. त्या रात्री तो उपाशी झोपला. ही शिक्षा नव्हती. घरचा नियमच तसा होता आणि तो मोडायचे त्याच्याही मनात आले नाही. नंतर दोन वर्षांत असे पाच-सहा प्रसंग आले. सामन्याच्या दिवशी दुपारीच भरपूर जेवून घ्यायचे, हे तो शिकला. त्याच्या मुष्टियुद्धाच्या आठवणीला भुकेची चव लागली ती अशी.

त्या पहिल्या संध्याकाळी त्याने काय पाहिले? उंच चौथरा, चार खांब, दोर, वर दिव्यांचा झोत. एका बाजूला खुर्च्यांवर अधिकारी, उरलेल्या तीन बाजूंना जमिनीवर बसलेले शेकडो जवान. मध्ये मध्ये बँड. त्याला वाटले होते, आखाड्यासारखा गलका असेल. पण घंटा झाली आणि सारे मैदान गप्प झाले. फेरी चालू असताना कुणी टाळी वाजवायची नाही, ओरडायचे नाही, असा तेथील जुना दंडक होता. फेरी संपल्यावर मिनिटभर टाळ्यांचा कडकडाट होई, पुन्हा घंटा, पुन्हा ती शांतता. एवढी माणसे एकत्र बसून इतकी गप्प राहिलेली त्याने फक्त प्रवचनात पाहिली होती.

त्या शांततेमुळे सारे ऐकू येत होते. सिनेमातील ठोशाचा आवाज त्याला ठाऊक होता. हा तसा नव्हता. कातड्यावर कातडे बसल्याचा मंद, ओलसर आवाज, आणि त्याच्या क्षणभर आधी नाकातून सुटलेला श्वासाचा फूत्कार. पायांची फरफर. एका जवानाच्या नाकातून रक्त आले, तेव्हा मुलाने डोळे मिटले. उघडले तेव्हा पंच मध्ये उभा होता आणि सामना थांबवला गेला होता. दोघे एकमेकांच्या खांद्यावर डोके टेकून उभे होते.

पुढच्या जोडीत त्याने ते पाहिले, ज्याचे वर्णन तो पुढे आयुष्यभर करीत राहिला. निळ्या पट्ट्याच्या जवानाने समोरच्याला कोपऱ्यात कोंडले होते. त्याचा उजवा हात निघाला आणि त्याच क्षणी घंटा वाजली. तो हात वाटेतच थांबला. ताकद आत ओढून घेतल्यासारखा सारा देह कापला, आणि मूठ खाली आली. सामना कोण जिंकला, हे त्याच्या लक्षात राहिले नाही. एवढ्या रागात, एवढ्या वेगात निघालेला हात माणसाला थांबवता येतो, हे मात्र त्याला फार मोठे वाटले.

"तू ठोसे बघतोयस," हवालदार परतीच्या वाटेवर म्हणाले. "नवीन माणूस तेच बघतो. पाय बघ. पाय बरोबर असले की हात आपोआप बरोबर पडतो. आणि डावा हात बघ. डावा विचारतो, उजवा उत्तर देतो."

कापडाच्या दुकानात वाढलेल्या मुलाला अंतराची भाषा लवकर कळली. (मीटर येऊन बरीच वर्षे झाली होती, तरी बाजारात अजून 'वार' हेच माप बोलले जाई. कापडाचाही वार आणि मुठीचाही वार, यावर हवालदार आणि वडील यांच्यात नेहमी विनोद होत.) हाताच्या लांबीएवढे अंतर म्हणजे धोका, त्याहून चार बोटे जास्त म्हणजे सुरक्षितता, आणि अगदी छातीशी जाऊन भिडले तर पुन्हा सुरक्षितता. सारा खेळ या चार बोटांचा. बाहेरून पाहणाऱ्याला मारामारी दिसते. जाणणाऱ्याला मोजमाप दिसते. मुष्टियुद्धाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ लोक शौर्याची भाषा करतात, पण या खेळाचा खरा लळा लागतो तो मोजमापामुळेच.

घरात हे पटवणे सोपे नव्हते. आजीचा प्रश्न साधा होता: "तिथं एकमेकांना मारतात ना?" मराठीत 'मारणे' या क्रियापदाने मोठी अडचण करून ठेवली आहे. हाक मारतात, गप्पा मारतात, शिक्का मारतात. चापट मारली तरी मारलेच आणि जीव घेतला तरी मारलेच. मुलगा सांगे, "मारतात, पण मारत नाहीत." आजीला ते वाक्य कळत नसे. खरे तर त्यालाही ते नीट कळले नव्हते.

त्याचे थोरले काका कुस्तीचे दर्दी. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात बांधलेल्या खासबाग मैदानातील मोठ्या कुस्त्यांना ते आवर्जून जात. त्यांना मुष्टियुद्ध मुळीच पसंत नव्हते. "धरायचं नाही, पाडायचं कौशल्य नाही, नुसतं बदडायचं. याला खेळ म्हणायचं?" धर्मग्रंथांचेही त्यांचे वाचन होते. गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे चार प्रकार त्यांनी मुलाला समजावून सांगितले. घरकामात घडते ती आरंभी, पोटापाण्याच्या व्यवसायात घडते ती उद्योगी, आपले वा दुसऱ्याचे रक्षण करताना घडते ती विरोधी, आणि ठरवून केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत. चौथी मात्र त्याने सोडलीच पाहिजे. "तुझा हवालदार सीमेवर लढतो ते विरोधीत बसेल. पण तिथं काय चालतं? दोघांचं वैर नाही, भांडण नाही. वेळ ठरवून, घंटा वाजवून मारायचं. सांग, कुठल्या खणात घालू?"

"आणि तुझी कुस्ती रे?" आजीने स्वयंपाकघरातून विचारले.

"कुस्तीत चीत करतात, आई. मारत नाहीत."

मुलाकडे उत्तर नव्हते. पण शनिवार चुकवणेही त्याला जमले नाही.

त्या मार्चमध्ये वर्तमानपत्रात महंमद अली आणि जो फ्रेझियर यांची नावे आली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ८ मार्च १९७१ रोजी दोन अपराजित हेवीवेट मुष्टियोद्धे समोरासमोर आले. पंधरा फेऱ्या चालल्या. शेवटच्या फेरीत फ्रेझियरच्या डाव्या हुकने अली पाठीवर कोसळला, उठला, आणि गुणांवर हरला. मुलाने ती बातमी कापून दुकानातील जुन्या रोजकीर्दीत चिकटवली. जमाखर्चाच्या लाल रेघांवर अलीचा तो पहिला कागद. विजेत्याला सोडून पराभूताला चिकटवण्याचे कारण हवालदारांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "तो पडून उठला म्हणून."

अलीला हलताना त्याने तेव्हा पाहिलेच नव्हते. बेळगावात दूरचित्रवाणी नव्हती. होती ती छायाचित्रे, ठिपक्याठिपक्यांची, शाई पसरलेली. चाहतेपणाचे हे एक जुने रूप आता नाहीसे झाले आहे. आज सामना आधी डोळ्यांना दिसतो, मग मनात जातो. त्या काळी मनातच तो उभारावा लागे. हवालदारांनी शिकवलेले पाय, डावा हात, चार बोटांचे अंतर, हे सारे साहित्य घेऊन मुलगा त्या अचल छायाचित्रांना रात्री अंथरुणात चालवीत असे.

मग त्याला कळले की हा माणूस साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर होता. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने १९६७ मध्ये नकार दिला, तेव्हा त्याचे जगज्जेतेपद गेले, परवाना गेला आणि पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. अपील चालू असल्यामुळे तो तुरुंगात गेला नाही. पण ऐन उमेदीची वर्षे गेली. २८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली.

मुलाने ही बातमी दोन ठिकाणी नेली. आधी हवालदारांकडे. सैनिक असल्यामुळे ते चिडतील, असे त्याला वाटले होते. ते बराच वेळ बिल घडी करीत बसले. "हुकूम नाकारला, ते मला पटत नाही. पटायचंही नाही. पण पळून गेला नाही. समोर उभा राहिला आणि म्हणाला, नाही येत. शिक्षा ऐकून घेतली. गार्ड खाली सोडून मार खाणं सोपं नसतं, पोरा."

मग काकांकडे. काकांनी सारे ऐकून घेतले, चष्मा काढला. "म्हणजे हा माणूस मारतो, आणि मारायला नाही म्हणतो?" तेच क्रियापद, दोनदा. आजी हसली. काकांनी मात्र त्यावर पुढे काही म्हटले नाही. अली कुठल्या खणात बसतो, हे त्यांनी सांगितले नाही.

हवालदार १९७३ मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. जाताना दुकानात येऊन त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. पत्र लिहिण्याची सवय दोघांनाही नव्हती.

किन्शासाचा सामना त्याने एकट्यानेच 'पाहिला'. ३० ऑक्टोबर १९७४. झाईरमध्ये पहाटेचे चार, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. वडिलांबरोबर दुकानाच्या फळ्या काढीत असताना दूर आफ्रिकेत साठ हजार माणसांसमोर घंटा झाली होती आणि त्याला पत्ता नव्हता. जॉर्ज फोरमन पंचवीस वर्षांचा. चाळीस लढती, चाळीस विजय, त्यांतील सदतीस नॉकआऊट. ज्या फ्रेझियरने अलीला पाडले, त्याला फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर लोळवले होते. अली बत्तीस वर्षांचा. तो जगेल की नाही, अशी चर्चा होती. अलीने दोरांवर रेलून फोरमनला मारू दिले, हातांच्या आड तोंड झाकून तो फेरीमागून फेरी सोशीत राहिला, आणि समोरचा मारून मारून थकला तेव्हा आठव्या फेरीच्या अखेरीस त्याने उत्तर दिले. ही हकिगत मुलाने इतक्या वेळा वाचली की रोजकीर्दीचे ते पान मऊ पडले. मार सोसणे हीच चाल असू शकते, हे त्याला काकांना सांगायचे होते; पण काका तेव्हा मोसमाच्या खरेदीत गुंतले होते.

पुढच्या वर्षी मनिला. फ्रेझियरचे डोळे सुजून बंद झालेले, चौदाव्या फेरीनंतर त्याच्याच प्रशिक्षकाने, एडी फच यांनी, सामना थांबवला. मुलाने ते कात्रण चिकटवले, पण त्या छायाचित्राकडे त्याने पुन्हा फारसे पाहिले नाही.

मधली वर्षे भरभर गेली. महाविद्यालय, दुकान, लग्न. अली १९८० च्या जानेवारीत भारतात आला, दिल्लीत त्याने आपल्या कौर सिंगशी चार फेऱ्यांचा प्रदर्शनीय सामना खेळला. सुगीचे दिवस नव्हते, तरी दिल्ली लांबच होती.

आणि मग १९८२ चा नोव्हेंबर. तो कापडखरेदीसाठी मुंबईला, मूळजी जेठा मार्केटमध्ये गेला होता. लास व्हेगासमध्ये १३ तारखेला रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम डुक-कू यांची लढत झाली. चौदाव्या फेरीत किम कोसळला, बेशुद्ध झाला आणि १८ तारखेला गेला. तिशीचाही नव्हता. १९ तारखेला दिल्लीत आशियाई स्पर्धा सुरू झाल्या. नातेवाइकांच्या घरी रंगीत दूरचित्रवाणीसमोर सारी चाळ जमलेली, आणि काही दिवसांनी कौर सिंगने हेवीवेटचे सुवर्णपदक जिंकल्याची बातमी आली, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या. ज्या खेळात ते पदक मिळाले, त्याच खेळात पंधरवड्यापूर्वी एक माणूस मेला होता. 'मारतात, पण मारत नाहीत' हे लहानपणचे वाक्य आता त्याला आजीसमोर म्हणता आले नसते. सुदैवाने म्हणा वा दुर्दैवाने, आजी तोवर नव्हती.

किमच्या मृत्यूनंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. १९८४ च्या ऑलिंपिकपासून हौशी खेळाडूंना डोक्यावर संरक्षक टोप आला. सुधारणा झाल्या त्या अशाच, कुणीतरी गेल्यानंतर. त्याच वर्षी अलीला पार्किन्सनचा विकार जडल्याचे जाहीर झाले. मनिलाची ती चौदा फेरी, त्यानंतरही लांबवलेली कारकीर्द, १९८० मध्ये लॅरी होम्सकडून दहा फेऱ्या खाल्लेला मार, यांचा हिशेब कुणीतरी केव्हातरी मागणारच होते. रोजकीर्दीत जमेच्या बाजूला किती कात्रणे होती! खर्चाची बाजू त्याने इतकी वर्षे कोरी ठेवली होती. १९८४ नंतर त्याने कात्रणे चिकटवणे बंद केले. वाचणे मात्र बंद झाले नाही. याला काय म्हणावे, हे त्याला सांगता येत नसे. चाहतेपण हिशेब पाहून सुटत नाही, एवढे खरे.

मेहुण्याने १९८६ मध्ये व्हीसीआर आणला. लग्नाच्या कॅसेटी, सिनेमे, आणि मुंबईहून कुणाकडून तरी मिळवलेली एक कॅसेट: किन्शासा. बारा वर्षांनी तो सामना त्याच्या घरी आला. दुपार उलटल्यावर तो लावून बसला. काका शेजारच्या आरामखुर्चीत होते. वय पंच्याहत्तर, नजर अजून चांगली. पाहायचे नाही म्हणत म्हणत ते पाहत होते. कुस्तीच्या सवयीने ते आधी पायच पाहत होते, हे त्याच्या लक्षात आले.

अली हलत होता. मनात चालवलेल्या अलीपेक्षा तो जड होता, संथ होता. दोरांवर रेललेला, कोपरांमागे चेहरा, आणि फोरमनचे ते घणासारखे हात बरगड्यांवर. सहावी फेरी, सातवी. काकांनी एकदा "अरेरे" म्हटले. आठवीच्या अखेरीस अली दोरांवरून सुटला. डावा, उजवा. फोरमन वाकला, भोवळ आल्यासारखा फिरला आणि पडू लागला. पडू लागला, पण अजून पडला नव्हता. पायांखेरीज शरीराचा दुसरा भाग जमिनीला टेकेपर्यंत मारणे नियमात बसते. अलीचा उजवा हात वर होता, तयार होता. त्या प्रचंड देहाभोवती तो वळत गेला, समोरचा चेहरा उघडा होता, आणि तो हात तसाच वर राहिला. त्याने मारला नाही. (पुढे फोरमनने स्वतःच या न मारलेल्या ठोशाचा गौरव अनेकदा केला.)

कात्रणांत हे कुठेच नव्हते. किंवा असेल, आणि चौदाव्या वर्षी त्याच्या नजरेतून निसटले असेल.

"थांबव," काका म्हणाले. "मागे घे जरा."

त्याने कॅसेट मागे घेतली. फोरमन पुन्हा उठला, पुन्हा वाकला, पुन्हा पडू लागला. काका पुढे झुकले होते.

"मारू शकत होता."

"हो."

"नियमात होतं?"

"होतं, काका."

काका बराच वेळ पडद्यावरच्या गर्दीकडे पाहत राहिले. "याचेच हात आता कापतात म्हणतोस ना?"

"हो."

आतून पाने वाढल्याची हाक आली. खिडकीतले ऊन समोरच्या कौलांवर चढले होते. दहा-पंधरा मिनिटांत तेही जाणार होते. इतक्या वर्षांत या हाकेला काका कधी दुसऱ्यांदा बोलवावे लागले नव्हते.

"आलोच म्हणावं," ते म्हणाले. "तेवढं एकदा परत लाव."